दारच्या फुलांचें दप्तर

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर परसोपंत हें अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. या मुलुखांत झाडांना आग लागल्याचा भास वर्षांतून दोनदां होतो. पहिली आग फाल्गुनांतली. त्या सुमारास पळसाचीं पानें झडून गेलेलीं असतात, फांद्या उघड्या पडतात आणि काळ्या मखमली कळ्यांतून केशरी रंगाचीं वांकडीं फुलें बाहेर येतात. दुसरी आग वैशाखांतली. जमीन उन्हानें भाजून निघालेली असतांना शाळांचीं पटांगणें, कचेऱ्यांचीं आवारें आणि रस्त्यांच्या कडा गुलमोहराच्या तांबड्या छत्र्यांनीं झांकून जातात. पहिल्या आगीचें वय कोणी मोजूं नये, इतकी ती जुनी आहे. दुसरीला अजून पुरतीं दोनशें वर्षेंही झालेलीं नाहींत.

तरीही शाळेंतील मुलाला उन्हाळ्याचें चित्र काढावयास सांगितलें तर कागदावर बहुधा गुलमोहरच उतरतो. साताऱ्यास तर १९९९ पासून १ मे हा दिवस गुलमोहराचा म्हणून साजरा होतो. पळसाला लोकांनीं म्हणींत बसविलें तें त्याच्या तीन पानांसाठीं, फुलांसाठीं नव्हे. परक्या मुलुखांतलें एक झाड इतक्या थोड्या काळांत घरचें कसें झालें? आणि तें परकें आहे, अमुक सुमारास आलें, हें लोकांस कळलें तरी कसें? या दोन्ही प्रश्नांचा माग काढूं लागलें म्हणजे नेर सोडून मुंबई गांठावी लागते. गुलमोहराची या देशांतली जुनी खूण तेथें सांपडते. आणि रोज डोळ्यांपुढें असलेल्या झाडाझुडपांची नोंद ठेवण्याची चाल पश्चिम हिंदुस्थानांत ज्या थोड्या ठिकाणीं रुजली, त्यांत मुंबई अग्रभागीं आहे.

मुंबईच्या झाडांविषयींच्या जुन्या लिखाणांत गार्सिया द ओर्ता याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे आणि मुंबईचें बेट त्याच्याकडे खंडानें होतें. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. ग्रंथ औषधी द्रव्यांचा. पण वैद्यकाच्या ओघांत हा गृहस्थ मध्येंच थांबतो आणि मुंबईच्या बेटावरील आपल्या आंब्याचें कौतुक सांगूं लागतो. पारिजातकाला तर त्यानें एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. रात्रीं फुलणारें आणि पहाटे फुलें गाळून टाकणारें हें झाड युरोपियांना नवीन होतें. त्यांनीं त्याला ‘दुःखी झाड’ असें नांव दिलें. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्यानें अव्हेरल्यामुळें प्राणत्याग करणाऱ्या राजकन्येची कथा ओर्तानें येथील लोकांकडून ऐकली आणि जशीच्या तशी उतरून घेतली. पुढें लिनिअसनें पारिजातकाचें शास्त्रीय नांव ठरविलें, त्यांतही हें दुःख कायम राहिलें. कथा कोणी सांगितली, त्याचें नांव मात्र ग्रंथांत नाहीं. असे निनावी सांगणारे या इतिहासांत पुढेंही वारंवार भेटतात.

ओर्ता लिहीत होता त्याच शतकांत आणि त्यानंतर पोर्तुगीज गलबतांच्या वाटेनें अमेरिकेंतील फुलें या किनाऱ्यावर येऊं लागलीं. श्रोत्यांनीं आपल्या अंगणांतच नजर टाकून पाहावी. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू मेक्सिकोकडचा. तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी अमेरिकेची. निशिगंध, ज्याचें नांव ऐकतांच एखाद्या संस्कृत नाटकांतील उपवन डोळ्यांपुढें उभें राहतें, तोही मेक्सिकोचाच. देवळाच्या पारावर आणि दफनभूमीच्या कुंपणाशीं सारख्याच निःसंगपणें उभा असणारा पांढरा चाफा अमेरिकेंतला. त्याला येथें नवें नांव शोधावें लागलें नाहीं. सोनचाफ्याचें चाफा हें नांव तयारच होतें, त्याला देव किंवा खूर हीं पदें जोडून काम भागलें. पाहुण्याला यजमानाचें आडनांव मिळावें, तसाच हा प्रकार झाला! या फुलांच्या आगमनाचा काळ आज अदमासानेंच सांगतां येतो. तीं आलीं, माळ्यांनीं लावलीं, बायकांनीं माळलीं, देवानें स्वीकारलीं; दप्तरांत नोंदविण्याजोगें त्यांत कांहीं आहे असें कोणास वाटलें नाहीं.

गुलमोहराची गोष्ट निराळी झाली, ती केवळ काळामुळें. तो येऊं लागला तेव्हां मुंबईंत यादी करणारे डोळे जागे झाले होते.

या यादी करणाऱ्यांत जॉन ग्रॅहॅम याचा मान मोठा आहे. हा स्कॉटलंडचा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यांत उपपोस्टमास्तर जनरल होता. वनस्पतिशास्त्र हा त्याचा पेशा नव्हता. पण कामाच्या निमित्तानें आणि निमित्ताविनाही तो झाडें टिपीत राहिला. ‘मुंबई व तिच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची यादी’ हा त्याचा इंग्रजी ग्रंथ १८३९ सालीं मुंबईंत सरकारी छापखान्यांत छापला गेला. ग्रंथाच्या लांबलचक नांवांतच त्यानें वनस्पतींचे तीन वर्ग सांगितले आहेत: आपोआप उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या. या तिसऱ्या वर्गाचें महत्त्व त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नसेल. शास्त्रज्ञाची दृष्टि सहसा रानाकडे वळते. कुंडींतल्या झाडाकडे तो पाहत नाहीं. ग्रॅहॅमनें कुंडीही सोडली नाहीं. शहर कोणत्या दिवशीं कोणत्या झाडाला आपलें म्हणूं लागलें, हें नंतरच्या माणसाला शोधावयाचें असेल तर त्याला अशाच यादीचा आधार घ्यावा लागतो. यादींत नसलेलें झाड पुढच्या यादींत दिसलें, कीं मधला काळ हा त्याच्या आगमनाचा काळ. शेतसाऱ्याच्या जुन्या वह्यांवरून गांवची वाढ ताडावी, तशीच ही रीत आहे.

ग्रॅहॅमला आपला ग्रंथ पुरा झालेला पाहावयास मिळाला नाहीं. छपाई चालू असतांनाच १८३९ सालीं खंडाळ्यास त्याचा अंत झाला. त्यानें वयाची पस्तिशीही गांठली नव्हती. उरलेलें काम जोसेफ निम्मो या त्याच्या मित्रानें तडीस नेलें. ग्रंथांत झाडांचीं देशी नांवेंही आढळतात. तीं सांगणारा कोणी माळी, कोणी वैदू, कोणी लाकूडतोड्या असणारच. ओर्ताच्या कथेकऱ्याप्रमाणें तोही पडद्याआड राहिला.

याच सुमाराची गुलमोहराची हकीकत आहे. हें झाड मूळचें मादागास्कर बेटावरचें. मॉरिशसमध्यें राहणाऱ्या वेंझेल बोयर या वनस्पतिज्ञानें तें शास्त्राच्या नजरेस आणलें आणि १८२९ सालीं विलायतेंतील एका सचित्र वनस्पति-मासिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्यानंतर दहाबारा वर्षांतच, म्हणजे १८४० च्या सुमारास, तें मुंबईस शिवडी येथें दिसल्याची नोंद सांगितली जाते. शिवडीस त्या काळीं पश्चिम हिंदुस्थानच्या शेतकी व बागाईत मंडळीची बाग होती. पुढें ती बाग तेथून हलली आणि त्या जागीं ख्रिस्ती दफनभूमि झाली. झाडाला नांव मिळालें तें अर्धें फारसी. ‘गुल’ म्हणजे फूल याविषयीं वाद नाहीं, ‘मोहर’ कीं ‘मोर’ याविषयीं आहे. त्याची वाढ झपाट्याची, शेंग हातभर लांब, बीं सहज रुजणारें आणि बहर नेमका अशा वेळीं, जेव्हां इतर पुष्कळ झाडें उन्हानें मलूल झालेलीं असतात. बंगले, छावण्या, कचेऱ्या आणि नवे सरकारी रस्ते यांना असेंच झाड हवें होतें. लाकूड ठिसूळ, मुळें उथळ, वादळांत कोसळण्याची खोड, हे दोष मागाहून कळले. तोंवर तो गांवोगांव पोंचला होता.

शिवडीची बाग उठली तरी तिचें काम थांबलें नाहीं. भायखळ्याजवळ नवी बाग तयार झाली आणि १८६२ सालीं ती लोकांसाठीं उघडली. तिचें सरकारी नांव व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडीं राणीचा बाग, आणि आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. प्राणी पाहावयास जाणाऱ्या हजारों माणसांना ती मुळांत झाडांची बाग आहे याची आठवण क्वचितच होते. ब्रह्मदेशांतून जगापुढें आलेली आणि लोंबत्या तांबड्या घोसांमुळें मराठींत उर्वशी हें नांव मिळविलेली दुर्मिळ वनस्पति येथें अनेकांनीं प्रथम पाहिली. बागेच्या आवारांत १८७२ सालीं संग्रहालय उघडलें. त्याच्या उभारणींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा मोठा वांटा होता आणि आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

याच संग्रहालयांत १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थ एकत्र जमले. निसर्गांत जें जें पाहिलें तें एकमेकांस सांगावें, नमुने दाखवावे, एवढाच माफक हेतु. त्यांतून मुंबईची निसर्गेतिहास संस्था जन्मास आली. या आठांपैकीं एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यास जन्मलेला इंग्रज. त्यानें आपल्या बंगल्याभोंवतालच्या कावळे, पाली, मुंग्या, उंदीर यांच्यावर विनोदी निबंधांचें एक पुस्तक लिहिलें होतें. दूरच्या अरण्यांत वाघामागें जाण्याचे ते दिवस; अशा वेळीं घरांतल्या पालीवर निबंध लिहिणें हें धाडसच म्हणावयाचें. उरलेल्यांत दोघे महाराष्ट्रीय होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर; दुसरे डॉ. सखाराम अर्जुन राऊत.

डॉ. सखाराम अर्जुन यांचें नांव आज ऐकूं येतें तें बहुधा डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. १८८४ ते १८८८ पर्यंत गाजलेल्या त्या खटल्यानें मुलीचें नांव सर्वतोमुखीं झालें, आणि तें योग्यच होतें; पण त्याच्या छायेंत वडिलांचें काम झांकलें गेलें. त्यांचा जन्म १८३९ चा, म्हणजे ग्रॅहॅमची यादी निघाली त्याच वर्षींचा. ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८७९ सालीं त्यांनीं मुंबईच्या औषधी द्रव्यांची यादी प्रसिद्ध केली आणि ताज्या स्थितींत वापरल्या जाणाऱ्या मुंबईच्या औषधी वनस्पतींची स्वतंत्र यादी तिला जोडली. या दुसऱ्या यादींतच त्यांचें वेगळेपण आहे. वाळलेली मुळी गांधी किंवा काष्ठौषधीवाला विकतो. ती काबूलची असेल किंवा अरबस्तानची. ताजा पाला मात्र शहराच्या कुंपणावरूनच खुडावा लागतो. त्यामुळें ती यादी म्हणजे एका परीनें शहराच्या परसाचीच मोजणी होती. संस्था स्थापन होऊन दोन वर्षें होण्यापूर्वींच, एप्रिल १८८५ मध्यें, ते वारले. संस्थेचें नियतकालिक १८८६ पासून निघूं लागलें. त्यांत लिहिण्याचा योग त्यांना आलाच नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. डॉ. सखाराम अर्जुन यांनीं वैद्यकावर मराठींत पुस्तकें लिहिलीं, परंतु वनस्पतींची यादी केली ती इंग्रजींत. वाचणारे डॉक्टर व औषधालयें इंग्रजीच जाणत, हें खरें. पण परिणाम असा झाला कीं, मराठी माळ्याकडून आणि मराठी वैदूकडून घेतलेली माहिती इंग्रजी दप्तरांत जमा झाली आणि ज्यांची ती होती त्यांना ती परत वाचतां येईना. हा दोष एकट्या परक्या राज्यकर्त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. देशी वैद्यांनीं गुणधर्म लिहिले. अमुक वेल अमुक ठिकाणीं अमुक महिन्यांत फुलली, असें लिहून ठेवण्याची संवय त्यांनाही नव्हती. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेंत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ च्या सुमारास एका येथील चित्रकाराकडून झाडांचीं सुरेख रंगीत चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत आहेत. चित्रांखालीं झाडाचें नांव आहे, गिब्सनचें नांव चित्रसंचाशीं जोडलेलें आहे, पण चित्रकार निनावीच राहिला.

विसाव्या शतकांत मुंबईचें दप्तर अधिक रंगीत झालें. फादर ब्लॅटर हा स्विस जेझुइट आणि वॉल्टर मिलार्ड हा मद्याचा व्यापारी या दोघांनीं हिंदुस्थानांतील सुंदर वृक्षांवर संस्थेच्या नियतकालिकांत लेख लिहिले. त्यांचें पुस्तक १९३७ सालीं, ब्लॅटरच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, निघालें. रस्त्याच्या कडेचें झाड ओळखूं इच्छिणाऱ्या सामान्य माणसासाठीं तें होतें. परंतु मराठी वाचकाला आपल्या भाषेंत या पाहण्याचा आनंद मिळण्यास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं. दुर्गा भागवत यांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं आलें. मुंबईसारख्या शहरांत राहून चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांच्या फुलांपानांचा हिशेब ठेवतां येतो, आणि तो शास्त्राला न सोडतां ललित भाषेंत मांडतां येतो, हें त्या पुस्तकानें दाखवून दिलें. पुढें डॉ. शरदिनी डहाणूकर यांनीं ‘फुलवा’ लिहून तीच वाट रुंद केली. दोघीही मुंबईकर, हा योगायोग नव्हे. दीडशें वर्षांचें पाहणें त्यांच्या पाठीशीं होतें.

आतां पुन्हां नेरकडे वळावयास हरकत नाहीं. मुंबईस ग्रॅहॅम, डॅल्झेल व गिब्सन आणि डॉ. कुक अशी यादीकारांची परंपरा लाभली. नेरचा मुलूख तिच्या बाहेर राहिला, आणि त्याचें कारण वनस्पतींचें नसून राज्यकारभाराचें होतें. वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजी अमलाखालीं आला, पण मुंबई इलाख्यांत नव्हे. १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालूं लागला. डॉ. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थोरला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत बाहेर पडला. त्यांत दूरच्या सिंधचीं झाडें आहेत, वऱ्हाडचीं नाहींत! झाडांना इलाख्यांच्या सीमा कळत नाहींत, पण ग्रंथकारांना त्या पाळाव्या लागतात. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें प्रसिद्ध केला तो १९९३ सालीं. ग्रॅहॅमची यादी आणि हा ग्रंथ यांमध्यें एकशें चौपन्न वर्षांचें अंतर आहे.

एवढ्या काळांत काय काय आलें आणि काय गेलें! नोंदीचा उपयोग कसा होतो याचें एक कडू उदाहरण गाजरगवताचें आहे. पुण्यांत हें अमेरिकन तण आढळल्याची नोंद मुंबईच्या त्याच संस्थेच्या नियतकालिकांत १९५६ सालीं छापून आली. त्यानंतर कांहीं दशकांतच तें देशभर पसरलें आणि आज विदर्भांतील रस्त्यांच्या कडाही त्याच्या पांढऱ्या फुलांनीं भरलेल्या दिसतात. घाणेरी याहून जुनी. ती तर शोभेचें झुडूप म्हणून हौसेनें आणलेली. ओढ्याकांठीं गुलाबी कर्ण्यांसारखीं फुलें मिरविणारें बेशरम दक्षिण अमेरिकेचें, आणि त्याला वैदर्भीय जिभेनें दिलेलें नांव इतकें चपखल आहे कीं, त्यापुढें शास्त्रीय नांव फिकें पडावें.

परंतु नेरच्या माणसानें रोज पाहिलेल्या फुलांत सर्वांत मोठा पालट झाला तो बागेंत नव्हे, शेतांत. वऱ्हाडचा मुलूख कपाशीचा. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, या कपाशीला विलायतेंत सोन्याचा भाव आला. ती कपाशी देशी होती. तिचें फूल बहुधा पिवळें, आंत बुडाशीं जांभळट-तांबडा डोळा. अमेरिकन जातीचें फूल याहून निराळें. तें सकाळीं दुधाळ किंवा फिकट पिवळें उमलतें आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होऊन मिटतें. १९७० सालीं अमेरिकन जातीचा पहिला संकरित वाण गुजराथेंत निघाला, २००२ सालीं बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी वाणास परवानगी मिळाली, आणि पाहतां पाहतां शिवारांचा रंग बदलला. कापसाच्या गांठी किती निघाल्या, भाव काय मिळाला, कर्ज किती झालें, याच्या वह्या घरोघर आणि कचेरीकचेरींत सांपडतील. पिवळें फूल कोणत्या शिवारांतून कोणत्या वर्षीं गेलें, हें मात्र म्हाताऱ्या माणसालाच विचारावें लागतें. तो बोट दाखवून शेताचें नांव सांगतो, पेरणीचा हंगाम सांगतो, क्वचित् बैलाच्या नांवावरून सालही ठरवून देतो.

आश्विनांतल्या सकाळीं त्या शेतांतून आज फिकीं फुलें उमललेलीं असतात. कालचीं गुलाबी होऊन देंठाशीं मिटलेलीं असतात, आणि बांधावरचा पळस आपल्या तीन पानांनिशीं हिरवागार उभा असतो. त्याच्या फुलांना अजून चार महिने अवकाश असतो.